निर्धाव षटकं पुसू नका

१० जानेवारी १९८५. वानखेडेवर मुंबई विरुद्ध बडोदा, रणजी करंडकाचा सामना. रवी शास्त्रीने तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पुरं केलं. क्रिकेटचा नाद असलेल्या मराठी माणसाला हे आकडे पाठ असतात. पण त्या षटकाची चित्रफीत पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. ‘मी होतो ना मैदानात’ म्हणणारे मात्र इतके भेटलेत, की सगळ्यांचं खरं मानलं तर त्या दिवशी चर्चगेटपासून रांग लागली असली पाहिजे.

सहा षटकारांचा हाच पराक्रम गारफिल्ड सोबर्सने आधी केला होता, ३१ ऑगस्ट १९६८ ला, स्वान्सीच्या मैदानावर. तोही कसोटी सामना नव्हताच, नॉटिंगहॅमशायर आणि ग्लॅमॉर्गन या दोन काउंट्यांचा होता. बीबीसी वेल्सचा कॅमेरा तिथे होता, म्हणून ते षटक आजही दिसतं आणि विल्फ वूलरचं समालोचनही ऐकू येतं. शेवटचा चेंडू म्हणून जो पुढे लिलावात विकला गेला तो खरा की खोटा, यावर वाद झाले. आवाजावर कुणी वाद घातला नाही.

आपल्या देशी क्रिकेटच्या बाबतीत असा पुरावा कुठे असेल तर तो बहुतेक लोकांच्या घरात असेल: माळ्यावर, लोखंडी पेटीत, गणपतीच्या मखराच्या सामानाखाली. टू-इन-वनवर लाल बटण दाबून कुणीतरी भरून घेतलेली कॅसेट. ही पुस्तिका त्या कॅसेटींसाठी आहे. रेडिओवरून झालेलं देशांतर्गत सामन्यांचं थेट समालोचन कसं ओळखावं, कसं उतरवून घ्यावं, कसं नोंदवावं, एवढाच तिचा आवाका. कसोटी आणि विश्वचषक आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलेत. त्यांना वाली पुष्कळ आहेत.

प्रस्तावनेत थोडा इतिहास सांगायची चाल आहे, तो सांगतो, पण जिथे माझा जीव अडकतो तिथेच थांबणार आहे. आपल्याकडे क्रिकेटचं समालोचन रुजवलं ए. एफ. एस. तल्यारखान यांनी, १९३० च्या दशकात, मुंबईच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत. दिवसभर एकटे बोलत. शेजारी दुसरा माणूस बसलेला त्यांना खपत नसे. कसोटी सामन्यांआधी आपल्या रेडिओने जी गर्दी जमवली ती या स्थानिक सामन्यांवर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. देशी क्रिकेट हा रेडिओचा दुय्यम माल नव्हता, त्याच्यावरच दुकान उघडलं होतं.

आता पुण्याकडे. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२ चा. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहुणा संघ मैदानात उतरलाच नाही, सामना सोडून दिला, आणि निंबाळकर नऊ धावांनी राहिले. तीन महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, त्याच शहरात मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. ६५१, ४०७, ७१४ आणि ६०४. प्रथम दर्जाच्या सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे कधी झालेल्या नाहीत. आणि आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. म्हणजे पुण्याच्या मैदानांवर हे सगळं घडून गेलं तेव्हा पुण्याला स्वतःचा रेडिओच नव्हता. त्या जेवणाच्या सुट्टीत तंबूत काय बोलणं झालं, निंबाळकरांचा चेहरा कसा होता, मैदानात कुणी आरडाओरडा केला का, याच्या पुढे नुसत्या गोष्टी झाल्या, प्रत्येकाची वेगळी.

केंद्र आलं तसा मराठी आवाजही आला. पुण्याचे बाळ ज. पंडित हे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. बॅट हातात धरलेला माणूस मराठीत सांगतो आहे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते: चेंडू पडण्याआधी क्षेत्ररक्षण सांगून टाकायचं, पडल्यावर फक्त फटका. ते २०१५ मध्ये गेले. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून मराठी क्रीडा पत्रकारितेला तिची बैठक दिली, आणि मराठी समालोचनही केलं. तेही २०२३ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं, लेख ग्रंथालयांत आहेत. त्यांनी बोललेले तास मात्र कुठल्या कपाटात शोधायचे?

‘आकाशवाणीकडे असतीलच की’ असं लोक सहज म्हणतात. एक हिशेब करून पाहू. स्टुडिओतल्या मोठ्या रिळावर साधारण २४०० फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ६४ मिनिटं चालते. दिवसाचा खेळ सहा तासांचा, म्हणजे दिवसाला सहा रिळं. तीन दिवसांचा साखळी सामना धरला तर अठरा, पाच दिवसांचा अंतिम सामना धरला तर तीसच्या घरात. परदेशी चलन जपून वापरायच्या काळात फीत ही चैनीची वस्तू होती, आणि तीच पुसून पुन्हा वापरता येते हा तिचा मोठा गुण मानला जाई. गायकाची बैठक ठेवायची की महाराष्ट्र-सौराष्ट्र सामन्याचा दुसरा दिवस, असा प्रश्न आला तर उत्तर ठरलेलं. मी त्या जागी असतो तर मीही भीमसेन जोशीच ठेवले असते. त्यामुळे कुणाला दोष न देता म्हणायचं ते एवढंच, की हे काम संस्थेच्या कपाटावर सोडून चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आमच्या मंडळींतही सगळ्यांना मान्य नाही. बहुतेकांची हौस अशी असते की कॅसेटमधून विकेट, शतक, शेवटचं षटक तेवढं कापून घ्यावं, बाकीचं ‘रटाळ’ म्हणून टाकून द्यावं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. विकेट आणि शतक धावफलकावर आहेच. ते छापील पुस्तकांत आहे, मोबाइलवर आहे. जे कुठेच नाही ते त्या रटाळ भागात आहे.

पद्माकर शिवलकरांचंच घ्या. १९७२-७३ चा रणजीचा अंतिम सामना, चेपॉकवर, तमिळनाडूविरुद्ध. मुंबई १५१ आणि ११३. तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईचं लागोपाठ पंधरावं विजेतेपद. इतकं सगळं धावफलक सांगतो. पण १६ धावांत ८ बळी म्हणजे मधे कितीतरी षटकं अशी, की ज्यांत काहीच ‘घडलं’ नाही. फलंदाज पुढे आला, चुकला, मागे गेला, पॅडवर घेतला, पुन्हा पुढे आला. डावखुऱ्या फिरकीची कला त्या न घडण्यात आहे. शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. मार्च २०२५ पर्यंत ते आपल्यात होते. हरियाणाचे राजिंदर गोयल, ६३७ रणजी बळी, तीच कथा. मुंबईचा अमोल मुजुमदार, अकरा हजारांवर धावा, तीच कथा. अशा माणसांचं अख्खं आयुष्य देशांतर्गत क्रिकेटमध्ये गेलं. त्यांच्या कुठल्या एका सकाळची निर्धाव षटकं एखाद्या कॅसेटवर असतील आणि आपण ती ‘ॲक्शन नाही’ म्हणून पुसली, तर त्या माणसाचा उरलेला पुरावाच पुसला.

शिवाय रटाळ भागातच समालोचक मोकळा होतो. धाव निघत नाही म्हटल्यावर तो वाऱ्याची दिशा सांगतो, कुणाच्या काकांनी याच मैदानावर काय केलं होतं ते सांगतो, शेजारच्या गुणलेखकाला काहीतरी विचारतो आणि गुणलेखकाचं दबकं उत्तर माइकमध्ये येतं. मैदानाबाहेरून चणेवाला ओरडत जातो. आम्ही त्याला कचरा म्हणत नाही.

ही पुस्तिका वसई-विरार पट्ट्यातल्या वालीवहून कशाला, असं काही जणांनी विचारलं. वालीव म्हणजे बाहेरच्याला महामार्गालगतचे गाळे, टेम्पो आणि धूळ. पण देशी क्रिकेटला या पट्ट्याची आठवण करून द्यावी लागत नाही. विरारचा पृथ्वी शॉ किटबॅग घेऊन लोकलने वांद्र्याला जात वाढला, २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ केल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला रणजी पदार्पणातच शतक ठोकलं. शार्दूल ठाकूर तर आणखी लांबून, पालघरहून येणारा. मार्च २०२४ च्या रणजी उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबई अडचणीत असताना खाली येऊन १०९, मग विदर्भाविरुद्ध वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात ७५, आणि मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपद. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून रणजीचा स्कोअर विचारणारे लोक ही आमच्याकडची जात आहे. आणि गाळ्यांचं म्हणाल, तर यंत्र चालवताना डोळे कामावर ठेवावे लागतात, कान मोकळे असतात. रेडिओचा खरा श्रोता तिथेच होता.

एक उदाहरण घेऊन काम कसं चालतं ते दाखवतो. समजा माळ्यावर नव्वद मिनिटांची कॅसेट सापडली आणि तिच्या पट्टीवर बॉलपेनने फक्त ‘मुंबई-दिल्ली फायनल’ एवढंच लिहिलंय. मुंबई आणि दिल्ली रणजीच्या अंतिम सामन्यात १९७६ ते १९८५ या काळात पाच वेळा समोरासमोर आले: १९७६-७७, १९७९-८०, १९८०-८१, १९८३-८४ आणि १९८४-८५. ऐकायला लागा. समालोचक ‘टाटा एंडकडून’ म्हणाला, की मैदान वानखेडे. पहिले दोन सामने दिल्लीत झालेले, ते गळाले. उरले तीन. आता दिल्ली चौथ्या डावात आहे आणि रवी शास्त्री एकामागून एक बळी घेतो आहे असं ऐकू आलं, की धावफलकांची वही उघडा: १९८४-८५ च्या अंतिम सामन्यात शास्त्रीने ९१ धावांत ८ बळी घेतले आणि मुंबई ९० धावांनी जिंकली. म्हणजे सहा षटकारांच्याच मोसमातली ही कॅसेट. मग दिवसाची वेळ. मधेच समालोचन थांबून बातम्या लागल्या असतील, तर त्याआधीच्या वेळेच्या ठोक्यांवरून घड्याळ लावता येतं, आणि बातम्यांतल्या एखाद्या घटनेवरून तारीख पक्की होते. पाहा, इथेही उपयोगी पडला तो कापून टाकण्यासारखा भागच.

कॅसेट टू-इन-वनवर थेट भरलेली असेल तर आवाज स्वच्छ. रेडिओसमोर दुसरा टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली असेल तर घरही आत आलेलं असतं: कुकरची शिट्टी, दारावरची कडी, गडी बाद झाल्यावर कुणीतरी वाडवळी किंवा सामवेदी बोलीत हासडलेली शिवी. शिव्या काढून टाकायच्या का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मूळ प्रतीत राहू द्यायच्या असं ठरलं. सार्वजनिक प्रतीचं तुमचं तुम्ही बघा.

आमच्या हवेबद्दल वेगळं सांगायला हवं. खाडी जवळ, पावसाळा चार महिने, फितीवर पांढरी बुरशी ठरलेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतून गाद्यांबरोबर काय काय रस्त्यावर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. भिजलेली कॅसेट उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका आणि ओली असताना मशीनमध्ये तर मुळीच घालू नका. बुरशी धरलेली कॅसेट लावली, की ती बुरशी हेडवरून पुढच्या चार चांगल्या कॅसेटींना लागते. सगळ्यात आधी करायची गोष्ट मात्र याहून सोपी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. कॅसेटची जी बाजू समोर धराल, तिची चकती डावीकडे. ती मोडली की त्या बाजूवर नवीन काही भरलं जात नाही. आपल्या लोकांनी मोडलेल्या जागी सेलोटेप लावून पुन्हा गाणी भरायची युक्ती शोधून काढलीच होती, तेव्हा जुन्या कॅसेटवर असा सेलोटेपचा तुकडा दिसला तर तो आधी सोलून काढा.

मशीन मिळणं हीच आता मोठी अडचण आहे. डेकमधला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून बसलेला असतो. त्या मापाचा पट्टा बाजारात मागत फिरण्याऐवजी जुना नमुना घेऊन आमच्याकडच्या रबराच्या गाळ्यांत विचारावं. वालीवचा उपयोग इथे झाला तर आम्हाला आनंद आहे. हेड स्पिरिटने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मग चालवा, हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आवाज उघडतो का पाहा. उतरवताना एमपी३ करू नका, तिचा उपयोग मित्राला पाठवण्यापुरता. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच चॅनेलची वेव्ह फाइल ठेवा. नव्वद मिनिटांची कॅसेट दीड जीबीत मावते. आजच्या काळात हा आकडा एका लग्नाच्या व्हिडिओपुढे काहीच नाही. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ प्रतीला लावू नका. गर्दीचा आवाजही त्याला खरखरच वाटतो.

कायद्याचा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपणावरचा संस्थेचा हक्क पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून २५ वर्षं टिकतो. खासगी वापरासाठी, तसंच शिक्षण-संशोधनासाठी ध्वनिमुद्रण करायला त्याच कायद्यात मुभा आहे. संस्थेने स्वतः काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क मात्र वेगळा आणि जास्त लांब, ६० वर्षांचा. म्हणून घरी उतरवणं, नोंदवणं, अभ्यासकाला ऐकवणं यात घाबरण्यासारखं काही नाही. इंटरनेटवर टाकण्याआधी दोनदा विचार करावा, आणि विकू तर नयेच.

शेवटचं प्रकरण वाचून जुने श्रोते नाक मुरडतील. ते टेनिस चेंडूच्या स्पर्धांवर आहे. रेडिओच्या पुस्तिकेत लाउडस्पीकर कशाला? पण आज आमच्या भागात कानावर पडणारं थेट मराठी समालोचन सर्वांत जास्त कुठे होत असेल तर ते या मैदानांवर. मंडपात टेबल, दोन माइक, एकजण गुण सांगणारा, दुसरा बोलणारा, मधे प्रायोजक, नगरसेवक, ‘पांढऱ्या रंगाची स्विफ्ट रस्त्यातून बाजूला घ्या’. त्या बोलण्यात गावातल्या पोराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गेल्या वर्षीची त्याची ओव्हर, सगळं असतं. तल्यारखान स्थानिक सामन्यांवर बोलत होते, हे विसरू नये. या समालोचनाचा पल्ला आता यूट्यूबपर्यंत गेलाय, म्हणून लोकांना वाटतं ते सुरक्षित आहे. पण चौकार-षटकाराला जे गाण्याचे तुकडे वाजतात त्यांच्या मालकी हक्कावरून आख्खी चित्रफीत मूक होते किंवा उतरवली जाते, आणि दोन दिवसांच्या स्पर्धेचा आवाज एका गाण्यापायी जातो. उपाय अगदी साधा आहे. साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून समालोचकाच्या माइकची वेगळी वायर घ्या आणि ती एका छोट्या रेकॉर्डरला जोडा. गाणी त्यात येतच नाहीत.

पुढच्या पानांवर नोंदवहीचा नमुना दिला आहे. सामना, मैदान, तारीख, समालोचक, कुणाच्या घरची कॅसेट, कुठल्या मशीनवर उतरवली, हे रकाने कुणीही भरेल. शेवटचा रकाना आम्ही जास्त रुंद ठेवलाय: ‘ज्यात काही घडलं नाही असा भाग कुठून कुठपर्यंत, आणि त्यात काय ऐकू आलं’. तो कोरा सोडून वही परत आणली तर आम्ही ती घेत नाही.